कामगार क्रमांक तीन

वहिनीच्या कारखान्याच्या गेटवर मी ज्या कामगाराच्या हक्कांसाठी तीनशे पत्रकं वाटली, तो कामगार खरोखर अस्तित्वात होता. एवढं सोडलं, तर त्या पत्रकातलं बाकी काहीही टिकलं नाही.

आमचं घर पत्रकांचं. आप्पा रेल्वेत होते, लोणावळ्याच्या यार्डात, आणि यार्डापेक्षा जास्त युनियनच्या खोलीत. घरात पुस्तकं चार आणि पत्रकांच्या ट्रंका पाच. मी वाचायला शिकलो तोच ‘निषेध’, ‘जाहीर निषेध’ आणि ‘तीव्र जाहीर निषेध’ अशा चढत्या क्रमाने. चौथीत बाईंनी ‘माझी गाय’ हा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा मी ‘दुधावर पहिला हक्क वासराचा’ या मागणीने सुरुवात केली आणि शेवटी बाईंना अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली. (बाईंनी त्याच्या आतच पट्टी काढली.)

या घराचा एकच कडक नियम होता. पाठकोरा कागद फेकायचा नाही. एका बाजूला काहीही छापलेलं असो, दुसरी बाजू कोरी असेल तर ती चळवळीची. वहिनी लग्न होऊन आली, तिच्यासोबत तिचा प्रिंटर आला, आणि आमच्या चळवळीला कागदाची ददात उरली नाही. प्रिंटरखाली एक खोका होता. वहिनीचे नको असलेले कागद त्यात पडत आणि मी ते घेऊन त्यांच्या पाठीवर क्रांतीचे कच्चे खर्डे लिहीत असे.

वहिनी तळेगावच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात उत्पादनप्रमुख. दादा खंडाळ्याच्या एका हॉटेलात भटारखाना सांभाळतो. वहिनीचा पगार दादाच्या तिप्पट. (आई आकडा कोणाला सांगत नाही. पण ‘तिप्पट’ हा शब्द तिच्या माहेरी, कुरवंड्यात, बैलांनासुद्धा माहीत आहे.) त्यांना एक मुलगी, ओवी, सहा वर्षांची. आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला एक प्रश्न पडायचा: दुसरं कधी?

या प्रश्नाचं उत्तर वहिनी कधीच द्यायची नाही, कारण तिला संधीच मिळायची नाही. मी द्यायचो. मुलं किती आणि कधी, हे ठरवण्याचा अधिकार फक्त बाईचा, कमावत्या बाईला पाळण्याच्या दोरीने बांधणारा समाज, वगैरे. पंचवीस मिनिटं. मी हे बोलत असताना वहिनी बहुतेक वेळा आत माझाच चहा गाळत असायची. ही विसंगती मला तेव्हा दिसली नाही. चहा चांगला असायचा.

तर गेल्या वर्षी होळीनंतर वहिनीचं वागणं बदललं. संशय घ्यावा असं बदललं.

फोन आला की ती गच्चीवर जाऊन बोलू लागली. दर मंगळवारी ती कारखान्यातून दोन तास उशिरा येऊ लागली आणि कारण विचारलं की ‘काम होतं’ म्हणू लागली. आईला रात्री किती वेळा जाग येते, आप्पांना पहाटे किती वाजता उठायची सवय आहे, आईला जिना चढताना नेमका कुठल्या पायरीपासून त्रास होतो, असल्या चौकशा सुरू झाल्या. एकदा तर आई न्हाणीघरात ओवीला अंघोळ घालत होती आणि वहिनी दाराबाहेर मोबाईलवर वेळ मोजत उभी होती! मलाही तिने विचारलं, “भावजी, तुम्ही सकाळी नक्की किती वाजता उठता?”

“मी रात्री उशिरापर्यंत लिहितो, वहिनी.”

“ते नाही विचारलं,” ती म्हणाली आणि फोनवर काहीतरी टिपून ठेवलं.

घरात प्रत्येकाने आपापला संशय पक्का केला. आईचं म्हणणं, सूनबाई वेगळं बिऱ्हाड करणार. “सोमाटण्याला नव्या बिल्डिंगी झाल्यात. तितं बघतीया जागा. म्हून आमचं वय मोजती.” आप्पांचा संशय वर्गीय होता. कारखानाप्रमुखाची जागा रिकामी होणार आणि ती वहिनीला मिळणार अशी बोलवा होती. “एकदा माणूस त्या खुर्चीत बसला,” आप्पा म्हणाले, “की त्याला घरातली माणसंसुद्धा हजेरीपटावर दिसायला लागतात.” हे वाक्य ते सहज बोलून गेले. ते किती खरं होतं, हे आम्हा दोघांनाही कळलं नाही.

आणि मग मला तो कागद सापडला.

खोक्यातला नेहमीसारखा पाठकोरा. खाली ‘पान दोनपैकी दोन’ असं छापलेलं. पहिलं पान खोक्यात नव्हतं. मी त्याच्या पाठीवर लिहायला बसलो होतो आणि केवळ सवयीने पोटात काय आहे ते पाहिलं. इंग्रजीत एक तक्ता होता. त्याचा मराठी मतलब असा:

क्र. १. स्त्री, वय ६३. रात्रपाळी. शेरा: गुडघे दुखतात, पण तक्रार करत नाही.

क्र. २. पुरुष, वय ६८. पहाटपाळी. शेरा: कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाजाचा त्रास होणार नाही.

क्र. ३. पुरुष, वय २६. सकाळी आठ ते बारा. शेरा: अकुशल. उशिरा उठतो. भाषण करतो. सुरुवातीला एकटा सोडू नये.

क्र. ४. पुरुष, वय ३७. उरलेला सगळा वेळ, दुपारी दोन ते चार सोडून. शेरा: तोंडी होकार दिला आहे, लेखी घ्यावा.

साप्ताहिक सुट्टीच्या रकान्यात चौघांपुढे ‘नाही’. मोबदल्याचा रकाना कोरा. आणि तळाला एक ओळ: ‘यांच्यापैकी क्र. ४ सोडून कोणालाही सांगितलेलं नाही. मोठ्या साहेबांची भेट झाल्यावरच सांगणे.’

त्रेसष्ट वर्षांच्या बाईला रात्रपाळी! बहिऱ्या म्हाताऱ्याला आवाजात उभं करायचं, कारण तो आधीच बहिरा आहे! आणि क्र. ३! त्या तरुणाने तर मला पार हलवलं. फक्त बोलतो म्हणून त्याच्यावर अकुशलपणाचा शिक्का. एकटा सोडू नये, म्हणजे पाळत! (मीही तेव्हा सव्वीसचाच होतो. पण सव्वीस वर्षांची माणसं देशात पुष्कळ आहेत.)

दोन दिवस मी जेवलो नाही. म्हणजे कमी जेवलो. वहिनीवर माझा जीव होता, तिच्या बाजूने मी शंभर भाषणं केली होती. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. कारखानाप्रमुख होण्यासाठी ही बाई म्हाताऱ्याकोताऱ्यांना गुपचूप राबवणार असेल, तर नातं बाजूला ठेवायला हवं. तिचं नाव मात्र घ्यायचं नाही, एवढा भावाच्या संसाराचा मान राखायचा. म्हणून मी पत्रकात ‘एक उच्चपदस्थ महिला अधिकारी’ असं लिहिलं. त्या कारखान्यात उच्चपदस्थ महिला अधिकारी एकच होती, हे माझ्या लक्षात आलं नाही.

पत्रकात तो तक्ता जसाच्या तसा उतरवला. मथळा होता, ‘क्र. ३, तू एकटा नाहीस!’ त्यातला एक उतारा मला अजून पाठ आहे. ‘त्याला उशिरा उठणारा म्हणतात, कारण तो उठला की यांची झोप उडेल! त्याला अकुशल म्हणतात, कारण सत्य बोलण्याचं कौशल्य यांच्या यादीत नाही! मित्रा, तू कुठेही असशील, आम्ही तुला शोधून काढू!’

छपाईला बाजारातल्या हमीदचाचांकडे गेलो. लोणावळ्यातल्या अर्ध्या लग्नपत्रिका आणि आप्पांची सगळी पत्रकं त्यांनीच छापलेली. चाचांनी चष्मा लावून मजकूर वाचला.

“लिहिलंय झकास,” ते म्हणाले. “पण ही एक नंबरची बाई तुझ्या आईसारखी वाटतेय रे. तिचे पण गुडघे.”

“शोषणाचा चेहरा सगळीकडे सारखाच असतो, चाचा.”

“आणि दोन नंबरला ऐकू येत नाही.”

“यंत्रांचा आवाज.”

“तुझ्या आप्पांना इंजिनांनी बहिरं केलं, तसं.”

“तेच तर मी म्हणतोय.”

चाचांनी चष्मा काढून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तीन नंबरबद्दल ते काहीच बोलले नाहीत. सभ्य माणूस.

दिवस मी गुरुवारचा निवडला. मुख्य कचेरीतून मोठे साहेब त्याच दिवशी येणार, हे दादाच्या तोंडून निघालं होतं. वहिनीने बुधवारीच सगळ्यांना बजावलं होतं, उद्या सकाळी माझ्याशी कोणी काही बोलू नका. मी बोललो नाही. मी तिच्या मागच्या बसने तळेगावला गेलो.

पाळी सुटण्याची वेळ गाठून मी गेटवर उभा राहिलो आणि पत्रकं वाटू लागलो. कामगार थांबून वाचू लागले. एवढं लक्ष देऊन माझं लिखाण आजवर कोणी वाचलं नव्हतं. थोड्या वेळाने मारुतीभाऊ नावाचे त्यांचे युनियनचे म्होरके पुढे आले. डोईवर टोपी, हातात पत्रक, कपाळाला आठ्या.

“आमच्याकडं साठीला घरी धाडत्यात,” ते म्हणाले. “ही त्रेसष्टची मावशी कुठल्या खात्यात हाय?”

“लपवून ठेवलंय त्यांना.”

“आन ह्यो तीन नंबर?”

“कोणी सांगावं, भाऊ,” मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, “तो या क्षणी तुमच्या शेजारीही उभा असेल.”

मारुतीभाऊंनी शेजारी पाहिलं. तिथे मीच होतो.

मागून एकजण म्हणाला, “काम येत न्हाई, उशिरा उठतो, वर भाषान करतो. आसल्याला ठेवला कशाला पन?” मला इतका संताप आला! क्र. ३च्या वतीने मी त्याला वर्गद्रोही म्हणालो. तेवढ्यात पहारेकऱ्याने माझं मनगट धरलं. साहेबांनी आत बोलावलं होतं.

आतल्या खोलीत टेबलावर माझं पत्रक होतं. पलीकडे मोठे साहेब, पन्नाशीचे, करड्या मिशांचे. अलीकडच्या खुर्चीत वहिनी. तिची मुलाखत अर्ध्यावर थांबली होती, ती माझ्या पत्रकाने. मला बघून तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. मी तिथेच होतो.

साहेब तिला म्हणाले की हा तक्ता या कारखान्याचा असेल तर गंभीर आहे, आणि नसेल तर तो कुठला आहे हे त्यांना कळायला हवं. ते शांतपणे बोलत होते. असं बोलणारा माणूस मला नेहमी जास्त संशयास्पद वाटतो.

वहिनीने पत्रक उचलून शेवटपर्यंत वाचलं. घाई केली नाही. मग म्हणाली, “तक्ता माझा आहे. माणसं माझ्या घरची आहेत. क्रमांक एक माझ्या सासूबाई. दोन माझे सासरे. चार माझा नवरा.”

“आणि तीन?”

वहिनीने माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं.

साहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पत्रकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. शेरा त्यांना पटलेला दिसला. माझी अवस्था काय वर्णावी! ज्या वीराचा मी पोवाडा गायला, तो मी. ज्याला मी शोधून काढणार होतो, तो मी. उशिरा उठणारा, अकुशल, पाळतीत ठेवण्यालायक. आणि गेटवर अठरा-वीस माणसांसमोर ज्याने ‘आसल्याला ठेवला कशाला’ विचारलं, तो माणूस वर्गद्रोही नव्हता. त्याचा प्रश्न बरोबर होता.

“कसलं काम आहे?” साहेबांनी विचारलं.

वहिनीने पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. दोनपैकी पहिलं पान. वर ठळक अक्षरांत: ‘दुसरं बाळ. मनुष्यबळ नियोजन.’

“दिवाळीच्या आधी,” ती म्हणाली.

मंगळवारचा दोन तासांचा उशीर म्हणजे डॉक्टर. गच्चीवरचे फोन म्हणजे डॉक्टर. बाईच्या निर्णयाबद्दल इतकी भाषणं ठोकणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं की बाईचा निर्णय ‘हो’ असाही असू शकतो.

साहेब खुर्चीत मागे रेलले. म्हणाले, हे त्यांना आधी सांगायला हवं होतं.

“सांगितलं असतं तर आजची मुलाखत झाली असती का?” वहिनी म्हणाली. “पहिलीच्या वेळी सांगितलं होतं. रजेवरून परत आले तर माझ्या जागी दुसरा बसला होता. ती जागा परत मिळवायला तीन वर्षं लागली. या वेळी ठरवलं, आधी घरची घडी बसवायची, मग मुलाखत, मग बातमी.” तिने पत्रकावर बोट टेकवलं. “बातमी मात्र छापून आली.”

साहेबांनी ते पान आणि माझं पत्रक शेजारी ठेवून वाचलं. मग एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाले, “दुपारी दोन ते चार कोणीच नाही.”

“माहीत आहे. ती जागा भरायची आहे.”

“कळवतो,” ते म्हणाले. दोन ते चारबद्दल की खुर्चीबद्दल, ते कळलं नाही.

बसमध्ये वहिनी खिडकीबाहेर बघत राहिली. वडगाव गेलं, कामशेत गेलं. मळवलीपाशी एकदा मान वळवून म्हणाली, “पाठकोरे कागद यापुढे मी फाडून टाकणार.” मी मान हलवली. आमच्या घराण्याची एक परंपरा तिथे संपली.

घरी पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचली होती. हमीदचाचांनी मोठ्या कौतुकाने एक पत्रक आप्पांना आणून दिलं होतं. आप्पांनी ते आईला खड्या आवाजात वाचून दाखवलं होतं, आणि मला वाटेल तितक्या पदव्या असोत, पहिल्या तीन ओळींत सत्य ओळखलं ते आईने.

“ह्ये गुडघं माजं हायेत,” ती दारातच म्हणाली. “आन घरात रातपाळी लागती ती तान्ह्या बाळालाच.”

मग तिने वहिनीला आत घेतलं, बसवलं, तिच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. डोळे पुसले. आणि मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“रातपाळी करीन मी. आनंदानं करीन. पन इचारायचं न्हाई व्हय? परस्पर कागदावर घ्यायचं?”

वहिनीची मान दिवसभरात पहिल्यांदा खाली गेली. “चुकलं, आई. तुम्ही कुरवंड्यात सांगाल, तिथून कोणी कारखान्यात सांगेल, अशी भीती वाटली.”

आईने प्रामाणिकपणे विचार केला. “सांगितलं आसतंच मी,” ती म्हणाली आणि विषय मिटला.

आप्पांचा मात्र मिटला नव्हता. आयुष्यभर व्यवस्थापनाशी लढलेला माणूस, व्यवस्थापन आज ओसरीवर सापडलं होतं! त्यांनी साप्ताहिक सुट्टी मागितली, पहाटपाळीला चहा मागितला, आणि ‘कमी ऐकू येतं’ हा शेरा काढून टाकण्याची मागणी केली. ती मान्य झाली आहे, हे त्यांना तीनदा ऐकवावं लागलं. मी कामगारांच्या बाजूने मध्यस्थी करायला पुढे झालो, तर आई म्हणाली, “तू गप बस. तू आमचा मानूस न्हाईस आन कंपनीचाबी न्हाईस.”

पुढचे अकरा दिवस या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. वहिनी रोज कारखान्यात जायची, रोज यायची, आणि आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. गेली असेल जागा तर ती माझ्या तीनशे कागदांनी गेली, हे कोणी म्हणत नव्हतं. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या अकरा दिवसांत मी एकही ओळ लिहिली नाही. सकाळी मात्र साडेसातला उठू लागलो, कोणी न सांगता.

बाराव्या दिवशी पत्र आलं. कारखानाप्रमुखाची जागा वहिनीला मिळाली. पण खाली एक अट होती: बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी तिच्या कामाचा खास आढावा घेतला जाईल. आधीच्या कारखानाप्रमुखांपैकी दोघांना नोकरीत असताना मुलं झाली होती, असं वहिनी म्हणाली. त्यांचा आढावा कोणी घेतला नव्हता. माझे हात शिवशिवले. मथळासुद्धा सुचला. वहिनीने माझ्या बोटांतून पेन काढून घेतलं.

“भावजी, हा कागद मी लिहिते.”

तिने चार ओळी लिहिल्या. विशेषण एकही नाही. आठवड्याभरात अट गेली. (चार ओळी! माझ्या पत्रकात तेवढी जागा नुसत्या उद्गारचिन्हांनी खाल्ली होती.) साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं म्हणे, की दोन ते चारचं काय केलं. वहिनी म्हणाली, क्रमांक चारने लेखी दिलं आहे.

दिवाळीच्या आधी मुलगा झाला. आता आठ ते बारा तो माझ्याकडे असतो. लंगोट बदलणं, बाटली उकळणं, ढेकर काढणं, यांतलं एकही काम माझ्या पाच ट्रंकांतल्या कुठल्याही पत्रकात दिलेलं नाही, हे मी चळवळीच्या निदर्शनास आणू इच्छितो. पहिले तीन महिने आई खरोखरच माझ्यामागे उभी असायची. पाळत!

परवा वहिनीने फ्रिजवर नवा तक्ता लावला. या वेळी आधी सगळ्यांना विचारून. मी अधीरपणे माझी ओळ शोधली. ‘अकुशल’ खोडून ‘निमकुशल’ केलं होतं. माझा ऊर भरून आला. पुढे शेऱ्याच्या रकान्यात वहिनीच्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

‘भाषण करतो. बाळ लगेच झोपतं. चालू ठेवावे.’